ज्यांना आयुष्यभर सॅल्यूट ठोकला त्यांना लॉजमध्ये दीक्षा मी कशी देऊ?

प्रश्न: दादा, नमस्कार. मी सैन्यातून हवालदार म्हणून रिटायर झालो. आमची फ्रीमेसन लॉज (म्हणजे मेसन या बंधुसंघटनेची शाखा) फौजी लोकांनीच काढलेली, निम्म्याहून जास्त मेंबर युनिफॉर्ममधून आलेले, काही ऑफिसर, काही आमच्यासारखे. दारापासून सुरुवात करून एकेक पद करत वर आलो आणि या वर्षी मला वर्शिपफुल मास्टरच्या, म्हणजे प्रमुखाच्या खुर्चीत बसवलं. आता झालंय असं की मेंबरशिपसाठी जो नवीन फॉर्म आलाय तो माझ्या जुन्या कंपनी कमांडरांचा आहे, पुढे ते कर्नल होऊन रिटायर झाले. कमिटी त्यांना भेटून आली, सगळं ठीक आहे. पुढच्या मीटिंगला बॅलट, म्हणजे गुप्त मतदान, पास झाले तर त्याच्या पुढच्या मीटिंगला दीक्षा, आणि दीक्षा द्यायची मास्टरने, म्हणजे मी. प्रॉब्लेम हा की एका गाडीच्या अपघातात गाडी मी चालवत नव्हतो, मी फक्त कॉन्व्हॉयचा इनचार्ज, तरी या साहेबांनी माझं पूर्ण ऐकून न घेता रेकॉर्डवर लाल शाईची नोंद केली आणि माझं पुढचं प्रमोशन गेलं ते गेलंच. हे मी लॉजमध्ये कोणाला बोललो नाही. दुसरं म्हणजे ते समोर आले की अजून टाचा आपोआप जुळतात, तोंडातून सर शिवाय काही निघत नाही, मग त्यांना मी कसं सांगणार की गुडघ्यावर बसा आणि माझ्या मागून म्हणा? एक पास्ट मास्टर, म्हणजे माजी प्रमुख, म्हणतात त्या दिवशी खुर्ची मला दे, मी करतो. दोन-तीन जण चेष्टा करतात की घे आता उट्टं काढून, त्यांना बूट पॉलिश करायला लाव. बायको पण हसत हसत तेच म्हणते. काय करू?
(खुर्चीत बसलेला हवालदार)

हवालदारसाहेब, नमस्कार.

मी पण लॉजमधलाच, फौजेतला नाही, त्यामुळे टाचा जुळण्याचं मला बाहेरूनच माहीत, पण दीक्षेच्या दिवशी खुर्चीत बसलेल्या माणसाच्या पोटात काय होतं ते चांगलं ठाऊक आहे. सरळ सांगतो, दीक्षा तुम्हीच द्या, पास्ट मास्टरना खुर्ची देऊ नका. फक्त त्याआधी एक काम राहिलंय आणि ते बॅलटच्या आधी उरकायला लागेल, बॅलट झाल्यावर नाही आणि दीक्षेच्या आदल्या संध्याकाळी तर मुळीच नाही.

तुम्ही दोन वेगळ्या गोष्टींची एक गाठ मारून ठेवलीय म्हणून हे एवढं जड झालंय. एक सॅल्यूटची सवय आणि दुसरी लाल शाई. सवय दोन तास बाजूला ठेवता येते, सगळेच ठेवतात. लाल शाईचं तसं नाही. आधी सोपं घेऊ.

जे वाचक लॉजमधले नाहीत त्यांच्यासाठी थोडक्यात, वर्शिपफुल मास्टर म्हणजे लॉजचा त्या वर्षाचा प्रमुख, तो पूर्वेला बसतो, सीनियर वॉर्डन पश्चिमेला, ज्युनियर वॉर्डन दक्षिणेला, आणि बंद दाराबाहेर टायलर तलवार घेऊन पहाऱ्याला. वर्ष संपलं की मास्टर खुर्ची दुसऱ्याला देतो, मग तो पास्ट मास्टर, आणि कितीतरी लॉजमध्ये असा एखादा जुना पास्ट मास्टरच पुढे टायलर होऊन दाराबाहेर बसलेला सापडतो, म्हणजे पूर्वेची खुर्ची भोगून झाल्यावर डायरेक्ट पहारा, आणि त्यात त्याला कमीपणा वाटत नाही. फौजेत कर्नल झालेला माणूस परत संत्री ड्यूटी करत नाही ना? तुमचं पत्र वाचताना मला वाटलं की खुर्ची ही एक पाळी आहे हे तुम्हाला डोक्याने कळलंय पण अंगात उतरलेलं नाही, कुठेतरी हिशोब चालू आहे की मी हवालदार होतो आणि आता कर्नलच्या वर गेलो. तुम्ही वर गेला नाहीत आणि ते खाली येत नाहीयेत, एका संध्याकाळी एकाचं काम बोलायचं आहे नि दुसऱ्याचं ऐकायचं, बस.

आणि फौजी लॉजमध्ये हा तिढा काय आजचा आहे का. १७३२ साली आयर्लंडच्या ग्रँड लॉजने, म्हणजे तिथल्या लॉजांच्या वरच्या संस्थेने, ब्रिटिश फौजेच्या पहिल्या फूट म्हणजे पायदळ रेजिमेंटला, जिला पुढे रॉयल स्कॉट्स म्हणायला लागले, फिरतं वॉरंट, म्हणजे लॉज चालवायचा परवाना दिला. तोपर्यंत लॉज म्हणजे एका गावातली, एका जागेची गोष्ट, पण हे वॉरंट जागेला बांधलेलं नव्हतं, रेजिमेंटला बांधलेलं होतं, जिथे पलटण जाईल तिथे पेटीत भरून लॉजचं सामान पण जाणार, उघडा पेटी, मांडा खुर्च्या, झाली लॉज. मग हे लोण इतकं पसरलं की इंग्लंड आणि स्कॉटलंडच्या ग्रँड लॉजनी पण तसली वॉरंटं दिली आणि मेसनरी जगभर पोचली त्यात या फौजी पेट्यांचा वाटा फार मोठा. आता विचार करा, छावणीतला एक तंबू, त्यात एका रेजिमेंटची माणसं, ऑफिसर आहेत, सार्जंट आहेत, बाहेर सकाळी एकजण हुकूम देतो नि दुसरा पाळतो आणि संध्याकाळी आत दोघे ब्रदर. म्हणजे तुमच्या पोटात जे होतंय ते कितीतरी जणांच्या पोटात होऊन गेलंय.

यातला एक सार्जंट तुम्हाला माहीत असायला हवा, तुमच्याच रँकचा. त्याचं नाव जॉन बॅट, ३८व्या फूट रेजिमेंटमधला, आयरिश वॉरंटच्या ४४१ नंबरच्या फौजी लॉजचा मास्टर. पलटण तेव्हा अमेरिकेत बॉस्टनला होती. ६ मार्च १७७५ ही तारीख परंपरेने सांगतात, त्या दिवशी या लॉजने प्रिन्स हॉल आणि त्यांच्याबरोबर आणखी १४ स्वतंत्र कृष्णवर्णीय माणसांना दीक्षा दिली. ज्यांना गावातल्या मेसन लोकांनी जवळ केलं नाही त्यांना एका सार्जंटच्या लॉजने आत घेतलं, आणि याच मंडळींनी पुढे आपली आफ्रिकन लॉज उभी केली, १७८४ मध्ये लंडनला तिचं रीतसर वॉरंट मंजूर झालं, आज प्रिन्स हॉल मेसनरी म्हणून जो मोठा पसारा आहे त्याचं मूळ ते. सार्जंटच्या हातून झालं म्हणून ते काम लहान ठरलं नाही. तारखेवरून आणि कागदांवरून वाद झालेत, ते वेगळं.

पण आता दुसरी बाजू पण सांगतो कारण मला ते भाबडं बोलणं आवडत नाही की लॉजमध्ये रँक नसतेच हो, सगळे समान. इंग्लंडमधल्या दोन भांडणाऱ्या ग्रँड लॉज १८१३ च्या डिसेंबरात एक झाल्या आणि १८१५ ला जे नियमांचं पुस्तक आलं त्यात फौजी लॉजसाठी स्पष्ट लिहिलं होतं की कमांडिंग ऑफिसरची संमती असल्याशिवाय वॉरंट नाही, आणि कॉर्पोरलच्या खालच्या सैनिकाला दीक्षा द्यायची नाही, द्यायचीच तर सेवेकरी ब्रदर म्हणून किंवा वरून खास परवानगी काढून. म्हणजे समानतेच्या खोलीला पण उंबरठा होताच आणि तो साध्या शिपायाच्या छातीइतका उंच होता. तो नियम जुना झाला पण सवयी नियमांपेक्षा जास्त जगतात. तुमच्याकडे जेवणाला ऑफिसर मंडळी एका टोकाला एकत्र बसतात का? तुम्ही लिहिलं नाहीत पण मी पैज लावतो की बसतात. म्हणून म्हणतो, बरोबरी ही लॉजमध्ये आपोआप होणारी गोष्ट नाही, ती दर मीटिंगला कोणीतरी करायला लागते, आणि या वर्षी ते करण्याचं काम तुमच्याकडे आलंय. तुम्ही खुर्ची पास्ट मास्टरना दिलीत तर खोलीतल्या प्रत्येकाला, विशेषतः जे जवान किंवा नाईक म्हणून निघाले आणि आता खालच्या पदांवर शिकतायत त्यांना, काय दिसेल? की हवालदार मास्टर होऊ शकतो पण कर्नल आला की बाजूला होतो. आणि कर्नलना पण तेच दिसेल, त्यांच्या पहिल्याच संध्याकाळी, जी आयुष्यात एकदाच येते.

थिओडोर रूझवेल्टची गोष्ट फौजी लॉजवाले आवडीने सांगतात. १८९८ च्या क्युबाच्या लढाईत हा गृहस्थ स्वयंसेवक घोडदळाचा कर्नल होता, १९०१ मध्ये आपल्या गावच्या, ऑयस्टर बेच्या लॉजमध्ये मेसन झाला आणि त्याच वर्षी अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष. त्याच्या लॉजचा मास्टर एकेकाळी कोण होता तर शेजारच्या बंगल्यावरचा माळी. रूझवेल्ट स्वतः सांगायचा की लॉजमध्ये तो माळी माझ्यावर होता, मी राष्ट्राध्यक्ष असलो तरी, आणि ते आम्हा दोघांनाही चांगलं होतं. लोक गोष्ट इथेच थांबवतात पण त्याने हे पण म्हटलंय की लॉजबाहेर मी त्याच्या घरी गेलो असतो तर त्याला अवघड झालं असतं आणि तो माझ्याकडे आला असता तरी तेच. मला हा दुसरा भाग जास्त खरा वाटतो. लॉजने बाहेरचं जग काही बदललं नव्हतं, एक खोली तेवढी दिली होती जिथे दोघांना अवघडायला होत नव्हतं. तुम्हाला सुद्धा एवढंच साधायचंय, जास्तीची अपेक्षा ठेवू नका.

आता सर म्हणण्याचं. तुम्हाला आठवत असेल, दीक्षेला आलेल्या माणसाचं नाव दारावर पुकारतात तेव्हा त्यापुढे फक्त मिस्टर लागतं. रँक नाही, मेडल नाही, धातूची कुठलीच वस्तू अंगावर नाही. ते नाव तुमच्या तोंडून पण जाणार आहे. तर घरी एकटे असाल तेव्हा मोठ्याने म्हणा, मिस्टर आणि त्यांचं पूर्ण नाव, चारदा, दहादा, वीसदा, जोवर जिभेला ते साधं वाटत नाही तोवर. हसू नका, रिच्युअल पाठ करताना तुम्ही शब्द घोकले तसंच हे पण घोकायचं. तुमची अडचण मनात कमी आणि जिभेत जास्त आहे, ड्रिल केलेल्या माणसाला मी सांगायला नको की अंगाची सवय अंगानेच मोडते. दीक्षेनंतर लॉजमध्ये ब्रदर अमुक म्हणा. आणि लॉजबाहेर रस्त्यात भेटले तर खुशाल कर्नलसाहेब म्हणा, सर म्हणा, टाचा जुळल्या तर जुळू द्या, त्यात काही बिघडत नाही, लॉजची शपथ घेतली म्हणून बाहेर कोणाच्या खांद्यावर हात टाकायची सक्ती नसते. त्यांना स्वतःला वाटलं तर तेच म्हणतील की सर सोडा आता, आणि नाही म्हणाले तर तोही त्यांचा हक्क.

आता अवघड भाग, लाल शाई.

साहेब, तुम्ही त्या संध्याकाळचं सगळं पाठ करताय ना, मग एप्रनचं भाषण आठवा. बऱ्याच वर्किंगमध्ये, म्हणजे विधीच्या पद्धतींत, सीनियर वॉर्डन नव्या ब्रदरला कोकराच्या कातड्याचा पांढरा एप्रन बांधतो आणि मग मास्टर बोलतो. त्यात काय आहे? की ज्या लॉजमध्ये तुझं ज्याच्याशी वाकडं आहे असा ब्रदर बसलाय तिथे हा एप्रन बांधून जाऊ नकोस, त्याला बाहेर बोलव, आपापसात मिटव, मिटलं तर दोघे आत या आणि नाही मिटलं तर दोघांपैकी एकाने नाहीतर दोघांनी निघून जा, पण तुमच्यामुळे लॉजची शांती बिघडू देऊ नका. शब्द प्रत्येक वर्किंगमध्ये थोडे वेगळे पण मुद्दा हाच. हे भाषण गुपित नाही, छापील पुस्तकांतून कित्येक वर्षं वाचायला मिळतं, म्हणून मी इथे मोकळेपणाने लिहितोय.

आता चित्र डोळ्यापुढे आणा. समोर नवा एप्रन बांधून उभा असलेला माणूस, आणि त्याला तुम्ही हे सांगताय, तुम्ही, ज्याच्या मनात त्याच माणसाबद्दल इतक्या वर्षांचं वाकडं आहे आणि त्याला त्याचा पत्ताही नाही. मला नाही वाटत तुमच्या तोंडून ते वाक्य नीट निघेल. निघालं तरी त्या रात्री झोप लागणार नाही, तुम्ही पत्र लिहिणारे माणूस आहात, खोटं पचवणारे असता तर लिहिलंच नसतं. काही लॉजमध्ये हे भाषण दुसऱ्या ब्रदरला वाटून देतात, त्यात गैर काही नाही, पण या वेळी ते वाटून देणं म्हणजे पळवाट होईल आणि ती पळवाट आहे हे फक्त तुम्हालाच कळेल. म्हणून आधी मिटवा. तुम्ही म्हणाल की ते अजून ब्रदर कुठे झालेत, नियम त्यांना लागू कुठे. बरोबर आहे, त्यांना लागू नाही, तुम्हाला आहे.

त्यांना भेटा. बॅलटच्या आधी, लॉजच्या इमारतीत नको, जेवणावर नको, ग्लास हातात असताना तर नकोच. दोघेच बसा. काय बोलायचं ते घरून ठरवून जा आणि चार वाक्यांच्या वर जाऊ नका. मी अमुक अपघाताच्या वेळी तुमच्या कंपनीत होतो, माझ्या रेकॉर्डवर नोंद झाली, माझं म्हणणं पूर्ण ऐकून घेतलं गेलं नाही असं मला तेव्हाही वाटलं आणि आजही वाटतं, आता आपण एका लॉजमध्ये बसणार आहोत आणि हे मनात ठेवून तुमच्यापुढे उभं राहायचं नाही म्हणून सांगायला आलो. संपलं. माफी मागा असं म्हणू नका. तेव्हाची कागदपत्रं घेऊन जाऊ नका, ही अपील नाहीये, कागद टेबलावर आला की समोरचा माणूस लगेच ऑफिसर होतो आणि तुम्ही आरोपी. आणि ते इन्व्हेस्टिगेशन कसं झालं, ड्रायव्हर काय म्हणाला, या गल्लीत तर शिरूच नका.

यावर तीनच गोष्टी होऊ शकतात. एक, त्यांना आठवत असेल आणि वाईट पण वाटत असेल. तसं झालं तर उत्तम, चहा प्या आणि विषय वाढवू नका, माणूस खजील असताना त्याला आणखी पिळायचं नसतं. दोन, ते म्हणतील की मी केलं ते तेव्हा बरोबर होतं, इनचार्ज म्हणून जबाबदारी तुझीच होती. हे ऐकायला कडू आहे पण खरं सांगू का, याच्यावर पण लॉज चालते. तुमचं मत वेगळं, त्यांचं वेगळं, दोघांनी तोंडावर सांगितलं, पाठीमागे काही उरलं नाही. एप्रनच्या भाषणात कुठेही म्हटलेलं नाही की दोघांचं एकमत झालं पाहिजे, शांतता बिघडवू नका एवढंच म्हटलंय.

तिसरी शक्यता सगळ्यात जास्त आणि सगळ्यात वाईट. त्यांना आठवणारच नाही. ते कपाळाला आठ्या घालून म्हणतील, कुठला अपघात, कोण ड्रायव्हर, असेल बुवा. तुम्ही जे ओझं रिटायरमेंटपर्यंत आणि त्याच्यापुढेही वाहिलं ते त्यांच्यासाठी एका सकाळच्या पाच सह्यांपैकी एक सही होती. यासाठी मनाची तयारी करूनच जा कारण नाहीतर तिथे तुमचा तोल जाईल आणि तुम्ही त्यांना आठवण करून द्यायला लागाल, मग आवाज चढेल, मग सगळंच मुसळ केरात. आठवत नाही म्हणाले तर म्हणा, ठीक आहे, मला आठवतंय, मी सांगून मोकळा झालो. उठा नि या. मोकळं व्हायला त्यांची स्मृती लागत नाही.

आणि भेटून आल्यावरही आतून वाटलं की नाही, या माणसाबरोबर मला एका खोलीत शांतपणे बसताच येणार नाही, तर? तर ते बॅलटच्या आधीच सांगा, ज्यांनी त्यांना प्रपोज केलंय त्यांना, खासगीत. पांढऱ्या-काळ्या गोट्या कशासाठी आहेत? एकदा आत आलेल्या माणसाला बाहेर काढणं फार कठीण आणि फार कुरूप असतं म्हणून दाराशीच विचारायची सोय आहे, कुठे एक काळी गोटी पुरते, कुठे तीन लागतात, तुमच्या बायलॉजमध्ये असेल ते. मी काळ्या गोटीला पाप मानत नाही. पण तोंडाने काही न बोलता अंधारात काळी गोटी टाकायची, आणि मग चेहरा पाडून म्हणायचं अरेरे कोणी बरं केलं असेल, हे एका वर्शिपफुल मास्टरला शोभत नाही आणि तुमच्या कर्नलने लाल शाईने जे केलं त्याच्यापेक्षा ते फार वेगळंही नाही, त्या माणसाचं ऐकून न घेता त्याच्या नावापुढे काळं. तुमचा तो विचार आहे असं मी म्हणत नाही, पत्रात तसं कुठे नाही, पण बॅलटच्या पेटीत हात घातल्यावर माणसाला काय काय सुचतं ते मी पाहिलंय.

चेष्टेचं म्हणाल तर बायकोची चेष्टा घरात राहू द्या, तिने तुमचं प्रमोशन गेलेलं घरात बसून सोसलंय, तिला एवढं हसायचा हक्क आहे. लॉजमधल्या त्या दोघा-तिघांना मात्र बाजूला घेऊन आत्ताच बंद करा. दीक्षेला येणाऱ्या माणसाच्या डोळ्यांवर पट्टी असते, तो एका अनोळखी खोलीत दुसऱ्याच्या हाताला धरून चालत असतो, आपण कुठे आहोत हे त्याला कळत नसतं, त्याने सगळा भरवसा तुमच्यावर टाकलेला असतो. अशा वेळी कोणी कोपऱ्यात खुसखुसलं आणि त्या माणसाने ते ऐकलं तर तो पुढची वीस वर्षं ते खुसखुसणं विसरणार नाही, मग तो कर्नल असो की कारकून. हातोडी तुमच्याकडे आहे, पण ती वाजवायची वेळ येऊच देऊ नका. डीकनला, म्हणजे उमेदवाराला हाताला धरून फिरवणाऱ्या ब्रदरला, पण सांगून ठेवा की त्यांचा हात घट्ट धर, वय झालंय, पायरी असेल तिथे थांब. फौजी डीकन असेल तर त्याला वाटेल साहेबांचा हात कसा धरायचा. धरायला सांगा.

पास्ट मास्टरना काय सांगायचं हा प्रश्न उरला. त्यांचा हेतू चांगला असेल, आणि मास्टरच्या विनंतीवरून पास्ट मास्टरने खुर्चीत बसून काम करणं यात नियमाबाहेरचं काही नाही, आजारपणात, पाठांतर राहिलं तर होतं तसं. त्यांना म्हणा की दादा, तुम्ही माझ्या डाव्या हाताला बसा आणि अडखळलो तर शब्द पुरवा. त्यांचा मान राहील आणि तुम्हाला खरंच गरज लागेल, कारण कितीही घोकलं तरी त्या दिवशी एखादं वाक्य जाणारच. गेलं तर घाबरू नका, थांबा, शब्द घ्या, पुढे चला. एक मात्र करा, शपथेचा भाग छोट्या छोट्या तुकड्यांत द्या. नवशिके मास्टर लांब लांब वाक्य म्हणतात आणि समोरच्याला मागून म्हणताना धाप लागते.

रात्रीच्या जेवणाला नवा ब्रदर मास्टरच्या शेजारी बसतो, तो रिवाज सोडू नका. तिथे तुम्हाला गप्पा माराव्या लागतील आणि तिथेच खरी पंचाईत आहे कारण आत निदान रिच्युअलचे शब्द हाताशी असतात. युनिटच्या जुन्या गोष्टी काढू नका, त्यातून परत कंपनी कमांडर आणि हवालदार जागे होतात. लॉजच्या गोष्टी सांगा, आजारी ब्रदरकडे कोण जातं, गेलेल्या ब्रदरच्या घरच्यांची फी कशी भरली, कोण कुठे पोस्टिंगवर आहे. फौजी लॉजमध्ये गैरहजर ब्रदरसाठीचा टोस्ट इतर लॉजपेक्षा वेगळा लागतो कारण गैरहजर म्हणजे कोण हे टेबलावरच्या प्रत्येकाला चेहऱ्यासकट माहीत असतं. तो टोस्ट त्यांना कळेल, त्यांनी पण माणसं गमावलीत. आणि जमलं तर त्या दिवसापासून बसायची पद्धत बदला, ऑफिसरांचं टोक मोडा, चिठ्ठ्या ठेवा नावांच्या. कुरकुर होईल, होऊ दे, तुमचं एक वर्ष आहे.

पुढे एक गोष्ट होईल ती आत्ताच सांगून ठेवतो. महिना-दोन महिन्यांत कर्नलसाहेब सूचना द्यायला लागतील, हिशोब असा ठेवा, कार्यक्रम तसा करा. सवय आहे ती त्यांची, तुमच्या टाचांसारखीच. चांगली असेल तर घ्या, नसेल तर इतर कुठल्याही नव्या ब्रदरला जे सांगाल तेच सांगा, की ब्रदर, आधी पुढच्या डिग्रीचे, म्हणजे पुढच्या पायरीचे, प्रश्न पाठ करा. आणि त्यांच्या ओळखीने मुलाचं काम, जमिनीचं काम, असलं काही मागू नका, तो विषय त्यांनी काढला तरी नको.

तुमच्या पत्रात एक गोष्ट राहून गेलीय, त्यांना प्रपोज कोणी केलं ते लिहिलं नाहीत. तो जर तुमच्याच जुन्या युनिटमधला असेल तर त्याला तो अपघात माहीत असायची शक्यता आहे, तेव्हा पहिला फोन त्याला करा आणि भेट त्यालाच ठरवायला सांगा. बॅलटची नोटीस निघायच्या आत.